इराण्याचा कोपरा आणि परमिटची खोली

सुटीत परगावी गेले असता एखाद्या नावाजलेल्या उपाहारगृहात सहकुटुंब जेवावयास जाणे, ही आता शहरातील सुशिक्षित घरांची रीतच झाली आहे. या रीतीत गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रकाराची भर पडलेली दिसते. मुंबई-पुण्यापासून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत अशी अनेक उपाहारगृहे निघाली आहेत की, जेथे अन्नाबरोबर जुना काळही वाढला जातो. भिंतींवर पिवळी पडलेली छायाचित्रे, छताला संथपणे फिरणारे पंखे, आजोबांच्या वेळच्या खुर्च्या, कानावर पडणारे जुने संगीत, आणि एका अंगास कॉकटेल म्हणजे मद्याची नानाविध मिश्रणे तयार करून देणारा बार, असा एकंदर थाट असतो. तरुण मंडळी तेथे हौसेने जातात, छायाचित्रे काढतात, आणि आपण घटकाभर शंभर वर्षे मागे जाऊन आलो अशा समाधानात घरी परततात.

आयुष्याची बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकविण्यात गेल्यामुळे मला अशा जागी एक निराळाच प्रश्न पडतो. येथे मांडलेला हा भूतकाळ कोणाचा? त्यातले काय मांडले आहे आणि काय वगळले आहे? या प्रश्नाचा विचार आज एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे करावा, असा माझा हेतू आहे. उदाहरण लंडनचे आहे. परंतु त्याची मुळे आपल्या मुंबईत आहेत.

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात २०१० साली ‘दिशूम’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. हिंदी बोलपटांतील मारामारीत ठोसा बसताना जो आवाज काढतात, त्यावरून हे नाव घेतले आहे. मुंबईतील जुन्या इराणी हॉटेलांचा नमुना पुढे ठेवून ते सजविण्यात आले. पुढे किंग्ज क्रॉस, कार्नबी, केन्सिंग्टन आणि लंडनबाहेर एडिंबरो व मँचेस्टर येथेही त्याच्या शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेला मुंबईच्या इतिहासातील एखादा कालखंड किंवा एखादे अंग नेमून दिलेले आहे. केन्सिंग्टनच्या शाखेत १९४० च्या सुमारास मुंबईत वाजणाऱ्या जॅझ संगीताचे स्मरण आहे, तर कार्नबीच्या शाखेत १९६० नंतरच्या तरुण मुंबईचे. तेथील बारला नाव दिले आहे ‘परमिट रूम’!

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला राहण्याचा योग आला, तेव्हा मुला-नातवंडांसह मी तेथे जाऊन आलो. मी मद्य घेत नाही. तेव्हा पेयांच्या चवीविषयी माझी साक्ष कोणी काढू नये. यादी मात्र मी सावकाश आणि सविस्तर वाचली. तीत बन मस्का होता, खिमा पाव होता, आणि बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया या इराणी उपाहारगृहाच्या बेरी पुलावाची आठवण देणारा पुलाव होता. पेयांत ‘ईस्ट इंडिया गिमलेट’ होते, ‘व्हाइसरॉयज् ओल्ड फॅशन्ड’ होते, आणि चहाच्या मसाल्याचे ‘चायजितो’ही होते. शेजारच्या मेजावरील गोऱ्या तरुणांना ‘परमिट’ म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. खेदाची गोष्ट ही की, माझ्या नातवालाही ते ठाऊक नव्हते.

जुना काळ सजवून विकण्याची ही कल्पना लंडनला नवी नाही. पाटण्याचे शेख दीन महंमद कंपनी सरकारच्या फौजेत नोकरी करून विलायतेस गेले आणि १८१० साली त्यांनी लंडनमध्ये ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ काढले. तेथे वेताच्या खुर्च्या होत्या, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे होते आणि ओढावयास हुक्का होता. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांनी यावे आणि आपले गेलेले दिवस आठवावे, अशी ती योजना होती. परंतु दोन वर्षांतच दीन महंमदांचे दिवाळे निघाले. त्यानंतर १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ हे उपाहारगृह निघाले. त्याचे संस्थापक एडवर्ड पामर हे, पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट असलेले जनरल विल्यम पामर व त्यांच्या मोगल पत्नी यांच्या वंशातले. म्हणजे या दोन्ही ठिकाणी जो हिंदुस्थान मांडला गेला तो नबाबांचा, राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा. ‘दिशूम’ने मात्र दरबार सोडून रस्त्याच्या कोपऱ्यावरचा इराणी निवडला. हा फरक लहान नव्हे. कारण इराण्याच्या हॉटेलात साहेबाची नव्हे, तर तुमच्याआमच्या आजोबांची स्मृती आहे.

हे इराणी कोण, हे थोडक्यात पाहू. पारशी लोक आपल्याकडे हजाराहून अधिक वर्षांपूर्वी आले. त्यांचे जे धर्मबंधू इराणातच, यझ्द व किरमान या प्रांतांत, मागे राहिले त्यांची स्थिती कष्टाची होती. त्यांच्यावर जिझिया कर होता आणि पेहराव, वाहन, व्यापार यांबाबत नाना निर्बंध होते. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया या गृहस्थांना आपले मुखत्यार म्हणून इराणात पाठविले. त्यांनी तेथे राहून पुष्कळ वर्षे खटपट केली, आणि अखेर १८८२ साली शहा नासिरुद्दीन याने झरथुष्ट्रींवरील जिझिया रद्द केला. दरम्यान १८७० नंतरच्या भयंकर दुष्काळाने इराण होरपळून निघाले होते. या सर्व कारणांनी यझ्दकडील पुष्कळ कुटुंबे मुंबईस आली. त्यांत झरथुष्ट्री होते, तसेच काही शिया मुसलमानही होते. हातात भांडवल बेताचे. तेव्हा चहा, पाव आणि बिस्किटे विकणे हाच धंदा पुष्कळांनी पत्करला. चौरस्त्याच्या कोपऱ्यावरचे दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ते इराण्यास स्वस्तात मिळे, असे सांगतात. ते खरे असो वा नसो. कोपऱ्याचे दुकान दोन रस्त्यांची गिऱ्हाइके ओढते, हा हिशेब इराण्याला पक्का कळला होता. धोबी तलावाजवळील कयानी हे १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया हे १९२३ चे, आणि पुण्यात डेक्कन जिमखान्यावरील गुडलक हे १९३५ चे.

आता त्या प्रसिद्ध खुर्चीकडे वळू. वाकविलेल्या लाकडाची, गोल बैठकीची ती काळसर खुर्ची लंडनमध्ये पाहून आपणास मुंबई आठवते. परंतु ती मूळची मुंबईचीही नव्हे आणि इराणचीही नव्हे. मायकेल थोनेट नावाच्या कारागिराने बीच जातीचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकविण्याची युक्ती शोधली आणि १८५९ साली व्हिएन्नाच्या आपल्या कारखान्यातर्फे १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. तिचे लाकडी तुकडे अवघे सहा, आणि त्यांस जोडणारे काही स्क्रू. सुट्या करून भरल्या तर एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. त्यामुळे जहाजाचे भाडे अत्यल्प पडे आणि जगाच्या कोणत्याही बंदरात ती स्वस्त विकता येई. १९३० पर्यंत अशा सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या, असे सांगतात. त्याच घाटाच्या खुर्च्या इराण्यांनी घेतल्या, त्या शोभेसाठी नव्हे. त्या हलक्या, टिकाऊ आणि स्वस्त होत्या म्हणून. संगमरवरी मेज घेतले, ते फडक्याच्या एका फटकाऱ्यात पुसले जाते म्हणून. भिंतीवर आरसे लावले. त्यामुळे लहान जागा मोठी भासे आणि गल्ल्यावर बसलेल्या शेटजीला मान न वळविता चारी कोपऱ्यांवर नजर ठेवता येई. आज ज्याला आपण थाट म्हणतो, तो त्या काळी निव्वळ काटकसरीचा हिशेब होता.

परंतु इराण्याच्या हॉटेलाचे खरे महत्त्व खुर्चीत नाही, आरशातही नाही. ते समजण्यासाठी पुण्यातील एक जुनी हकीकत आठवावी लागेल. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभानंतर जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. हा सारा घाट गोपाळराव जोशी यांनी घातला होता. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास केवळ हात लावला. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि रानड्यांसारख्या पुरुषासही प्रायश्चित्त घ्यावे लागले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा एक पेला चहा! ज्या समाजात चहाच्या घोटाची किंमत ही एवढी, त्या समाजात रस्त्याच्या कोपऱ्यावर एक परदेशी मनुष्य दुकान थाटतो, दारे सताड उघडी ठेवतो, आणि आत येणाऱ्यास जात न विचारता समोर कपबशी ठेवतो, ही गोष्ट साधी नव्हती. आपल्याकडील खाणावळींच्या पाट्यांवर जातीचा उल्लेख असे. कोणी कोठे बसावे, कोणी वाढावे, याचे नियम असत. इराण्याच्या मेजावर गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, कचेरीतला कारकून, वकिलीचा विद्यार्थी आणि नवशिका कवी हे एकाच रांगेत बसले. समाजातील भेदभाव एवढ्याने नाहीसा झाला, असे मुळीच नाही. घरी जाताना पुष्कळांनी ही गोष्ट लपविलीही असेल. तथापि हात धुऊन, गंध पुसून, गुपचूप का होईना, माणसे एका मेजाशी बसू लागली. एका चहावर किती वेळ बसावे, याचाही हिशेब ठेवला जात नसे. पावसाळ्यात ज्यांच्या खोलीत पाय पसरण्यापुरतीही जागा नव्हती, त्यांची ती बैठकीची खोली होती. ब्रून मस्का आणि पाणी कम चहा यांची गोडी आहेच. पण स्वस्त चहाबरोबर मिळणारी ती निर्धास्त बैठक, हे इराण्याचे मुंबईवरील खरे उपकार होत.

आता बारकडे येऊ. कॉकटेल हा शब्द अमेरिकेत रूढ झाला. १८०६ साली न्यूयॉर्क संस्थानातील हडसन या गावच्या एका वर्तमानपत्राने त्याची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण. परंतु त्याही आधी, सतराव्या शतकात, ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी आणि खलाशी ‘पंच’ नावाचे मिश्रण पीत होते. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांवरून, आपल्याच ‘पंच’ या शब्दावरून, हे नाव पडले असे अनेक कोशकार मानतात. जुन्या थाटाच्या बारची आजची आवड मात्र मुख्यतः अमेरिकेतील दारूबंदीच्या आठवणीवर पोसली आहे. तेथे १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात चोरून चालणाऱ्या गुत्त्यांना ‘हळू बोला’ अशा अर्थाचे नाव पडले होते. आज न्यूयॉर्कमधील हौशी बारवाले मुद्दाम लपविलेले दार आणि मंद दिवे ठेवतात, ते त्याच्या स्मरणार्थ. लंडनच्या मंडळींनी त्याऐवजी मुंबईची दारूबंदी निवडली, आणि बारला परमिट रूम म्हटले.

या नावामागील हकीकत अशी. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यातील अबकारी खात्याचे मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर हे स्वतः पारशी. दारूच्या धंद्यात पुष्कळ पारशी असताना, आपल्याच समाजाचा रोष पत्करून, त्यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली. महायुद्धाच्या प्रश्नावर त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर पुन्हा खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्य कोरडे झाले. ज्यांनी हा कायदा केला त्यांचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकापासून गुत्त्यापर्यंतचा रस्ता कामगाराच्या बायकोला चांगला ठाऊक होता. तिच्या डोळ्यांतील पाण्यासाठी सरकारने अबकारीच्या उत्पन्नावर पाणी सोडले.

पण पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे. कायद्याने मद्य पिण्यास परवाना, म्हणजे परमिट, लागू लागले. परदेशी पाहुण्यास ते मिळे. आणि ज्याच्या प्रकृतीस मद्य अवश्य आहे असे डॉक्टरने लिहून दिले, त्यासही मिळे. साहजिकच सुखवस्तू लोकांच्या प्रकृती एकाएकी नाजूक झाल्या! एफ. एन. बलसारा या मुंबईच्या नागरिकाने कायद्यास आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व सुगंधी द्रव्ये यांवरील बंदीसारखी काही कलमे रद्द केली, पण कायदा मुख्यतः उचलून धरला. ज्याच्याजवळ परमिट नव्हते, त्या गरिबाने काय केले? तो हातभट्टीकडे वळला. मुंबईच्या गल्लीबोळांत ‘आंटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायकांच्या घरी गुत्ते चालू लागले. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने तिकडून माल चोरून येई. चोरट्या दारूच्या धंद्यावर गुंडांच्या टोळ्या पोसल्या गेल्या. १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र सरकारने निर्बंध सैल केले, तेव्हा परवानाधारकांना बसून पिण्यासाठी ज्या खोल्या निघाल्या, त्याच या परमिट रूम. गुजरातेत बंदी कायम राहिली. आपल्याकडे आजही मूळचा १९४९ चाच कायदा चालू आहे, परवान्याचे कलम कागदावर कायम आहे, आणि हमरस्त्यावरील पाट्यांवर ‘परमिट रूम’ ही अक्षरे कायम आहेत. गरिबाच्या वाट्याचे विषही गेलेले नाही. २०१५ साली मालाडजवळ मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली.

श्रोतेहो, ‘परमिट रूम’ या दोन शब्दांत एवढा इतिहास आहे. लंडनच्या पेयांच्या यादीत तो सारा मावणार नाही, आणि मावावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. उपाहारगृह ही काही पाठशाळा नव्हे. किंबहुना मी असे म्हणेन की, त्या मंडळींनी आपल्या एका विसरत चाललेल्या संस्थेचे नाव सातासमुद्रापलीकडे घेतले, ब्रिटानियाचे ऋण आपल्या यादीत मान्य केले, आणि साहेबाच्या हत्ती-पालखीऐवजी कोपऱ्यावरच्या दुकानाला मान दिला, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. केन्सिंग्टनच्या शाखेतील जॅझ ऐकताना मला वाटले की, चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ आणि त्यांच्या वाद्यवृंदाला ‘अलबेला’ बोलपटात वाजविण्याची संधी देणारे आपले सी. रामचंद्र, यांची आठवण आपल्यापैकी किती घरांत उरली आहे?

तरीही एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. नक्कल करणारा रूप उचलतो. त्या रूपामागील व्यवहार त्याला उचलता येत नाही. खुर्ची लंडनला नेता येते, आरसा नेता येतो, पाटीवरील नियमही नेता येतात. परंतु खिशात चार पैसे असलेल्या माणसाने येऊन एका चहावर दुपार काढावी, ही गोष्ट नेता येत नाही. कारण तेथील जागेचे भाडे आणि नोकरांचे वेतन ती परवडू देत नाही. मुंबईतही ती आता परवडेनाशी झाली आहे. इराण्यांची मुले शिकली, डॉक्टर-इंजिनिअर झाली, परदेशी गेली; त्यांनी पहाटे चारला उठून भट्टी का पेटवावी? एकेकाळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. धोबी तलावाचे बस्तानी बंद झाले, ब्रेबॉर्नही बंद झाले. मूळ दुकानाला कुलूप लागले आहे आणि नकलेच्या दारापुढे मात्र रांग आहे, अशी ही विचित्र अवस्था आहे.

यात दोष नकलेचा नाही. आपण रोजच्या वापरातल्या वस्तूस इतिहास मानीत नाही. इतिहास म्हणजे किल्ले, तह आणि सनावळ्या, अशी समजूत आम्ही शिक्षकांनीच पिढ्यान्‌पिढ्या करून दिली आहे. पानिपतची तारीख पाठ असलेल्या विद्यार्थ्यास, आपला पणजोबा पहिल्यांदा परजातीच्या माणसाशेजारी चहा प्याला तो कोठे, हे ठाऊक नसते. खरे पाहता महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ही गोष्ट एखाद्या लढाईहून कमी महत्त्वाची नाही.

म्हणून माझी आपणास एवढीच विनंती आहे. सुटीत अशा जुन्या थाटाच्या ठिकाणी अवश्य जा. मुलांना घेऊन जा. जेवण येईपर्यंतच्या वेळात त्यांना ती खुर्ची दाखवा आणि ती कोठून, का आली ते सांगा. ‘त्या काळी येथे बसावयास कोणाला मुभा होती, आणि कोणाला नव्हती?’ हा प्रश्न त्यांना विचारा. बारवरील पाटी वाचून दाखवा, आणि त्या पाटीच्या एका बाजूस प्रकृतीचे दाखले मिळविणारे धनिक व दुसऱ्या बाजूस हातभट्टीचे विष पिणारे मजूर होते, हेही त्यांच्या वयास झेपेल तसे समजावून द्या. आणि परत आल्यावर, मुंबईस कयानीत किंवा पुण्यास गुडलकमध्ये, जेथे अजून तो व्यवहार थोडाफार जिवंत आहे तेथे, घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन जा. त्यांच्यापुढे चहा ठेवा, आणि ते बोलू लागतील ते लिहून ठेवा. संगमरवरी मेजे पुन्हा घडविता येतील. त्या मेजांशी बसलेली माणसे मात्र फार दिवस आपल्यापाशी राहणार नाहीत.